मेरूच्या दक्षिणेचं जांभूळ

मेरू पर्वताला आधार द्यायला त्याच्या चार दिशांना चार डोंगर उभे आहेत. दक्षिणेकडचा गंधमादन. त्याच्या माथ्यावर जांभळाचं एक झाड आहे, १,१०० योजनं उंच. त्याची फळं मोठ्या हत्तीएवढी. पिकली की ती डोंगरावर पडतात, पडून फुटतात आणि त्यांचा रस वाहू लागतो. त्या रसाचीच नदी होते. तिचं नाव जंबू. तिचं पाणी पिणाऱ्याला घाम येत नाही, अंगाला वास येत नाही, म्हातारपण येत नाही, इंद्रियं थकत नाहीत. काठची माती हा रस पिते, तिच्यावरून मंद वारा वाहतो, माती वाळते आणि तिचं सोनं होतं. त्या सोन्याला जांबूनद म्हणतात. सिद्ध लोक त्याचे दागिने घालतात.

विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात पराशर हे मैत्रेयाला सांगतात. योजन म्हणजे चार कोस. ढोबळमानाने त्याचे बारा किलोमीटर धरले तरी झाडाची उंची तेरा हजार किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे आपल्या पृथ्वीच्या व्यासाहून जास्त. पण ज्या पृथ्वीवर हे झाड उभं आहे तिचा हिशेबच वेगळा. तिच्यावर सात द्वीपं आहेत, एकाभोवती एक. त्यांच्यामध्ये सात समुद्र आहेत: खारट पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि शेवटी गोड्या पाण्याचा. मधल्या द्वीपाच्या मधोमध मेरू, जमिनीपासून ८४,००० योजनं उंच, वर रुंद आणि खाली निमुळता, कमळाच्या मधल्या गाभ्यासारखा. या मापात आपलं जांभूळ अगदी बेताचं आहे.

आणि तरी त्या सगळ्या द्वीपाला नाव मिळालं ते या झाडाचं. पर्वताचं नाही, कुणा राजाचं नाही. शेजारच्या द्वीपांचंही बरंचसं तसंच. प्लक्ष, शाल्मली, कुश, शाक. पाईर, सावर, दर्भ, साग. ज्यांनी हे जग रचलं त्यांना खंडांची नावं शोधायला रानात जावंसं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

या द्वीपाचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले. घरात गणपती बसला, सत्यनारायण झाला, वास्तुशांत झाली की गुरुजी आधी संकल्प सांगायचे. त्यात काळाचा मोठा पल्ला येतो, कल्प, मन्वंतर, युग, आणि मग जागेचा: जंबूद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. तळहातावरचं पाणी ताम्हणात सोडेपर्यंत आपण विश्वात नेमके कुठे बसलो आहोत ते सांगून झालेलं असतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत पूजा सांगणारे काही गुरुजी आता जंबूद्वीपाऐवजी क्रौंचद्वीप म्हणतात. माणूस समुद्र ओलांडून गेला तर त्याचं द्वीपही बदलायला हवं, हा त्यांचा विचार मला पटतो. मात्र क्रौंच हे पक्ष्याचं आणि पर्वताचं नाव आहे. तिथे गेलेल्यांच्या पत्त्यातून झाड सुटलं, याची मला हळहळ वाटते.

पुढे पुराणांची भाषांतरं वाचायला लागले तेव्हा या झाडाकडे मी परत वळले, आणि मग वळतच राहिले. कल्पनेतली झाडं जगात पुष्कळ आहेत. अरबी दर्यावर्दी कथांत वाकवाक नावाच्या बेटावर एक झाड आहे, त्याला माणसाच्या आकाराची फळं लागतात. ग्रीकांकडे हेस्पेरिडींच्या बागेत सोन्याची सफरचंदं आहेत. टोल्किनने रचलेल्या जगात दोन झाडं आहेत. ती मरतात तेव्हा एकाच्या शेवटच्या फुलाचा चंद्र होतो आणि दुसऱ्याच्या शेवटच्या फळाचा सूर्य. ही सगळी झाडं सुंदर आहेत. पण जंबूवृक्षाबद्दल वाचताना माझ्या जिभेला तुरट चव येते, ती त्यांच्यापैकी कुणाबद्दल वाचताना येत नाही. असं का होतं याचा मी बराच विचार केला आहे.

माझं उत्तर असं आहे. ज्याने हे झाड रचलं त्याने जांभळाचा आकार वाढवला, अगदी बेसुमार वाढवला, पण जांभळाचा स्वभाव बदलला नाही. जांभूळ पिकलं की पडतं. आंबा पाडाला लागला की उतरवून अढी घालता येते, फणस कापून आणता येतो, केळीचा घड काढून ठेवता येतो. जांभूळ कुणासाठी थांबत नाही. कच्चं काढलं तर पुढे नीट पिकत नाही, आणि पूर्ण पिकलं की वाऱ्याच्या झुळकीनेही सुटतं. त्याची साल इतकी पातळ की खाली पडताच फुटते. जूनच्या सुरुवातीला जांभळाखालून चालून पाहावं. फरशी, डांबर, गाड्यांची टपं, सगळं गर्द रंगाने माखलेलं असतं, चपलांचे तळवे चिकटतात, माश्या आणि गांधीलमाश्या घोंगावत असतात, आणि आंबूस वास हवेत भरून राहतो. जमिनीवर पडून फुटणं आणि रस वाहणं हे या फळाचं रोजचं काम आहे. हत्तीएवढी शेकडो जांभळं एकदम पडली तर नदी वाहणारच. पुराणकाराने फक्त गुणाकार केला आहे.

हत्तीची उपमासुद्धा त्याने सहज घेतलेली नाही. पिकलेलं टपोरं जांभूळ पावसात भिजलेलं पाहिलं तर दिसतं: लांबट गोल, काळसर, वर राखाडी छटा, आणि कडेला थोडी चकाकी. भिजलेल्या हत्तीची पाठ तशीच दिसते. फक्त मोठं म्हणायचं असतं तर घडा होता, पर्वत होता. भागवताच्या पाचव्या स्कंधात मंदराचलावरच्या आंब्याची फळं डोंगराच्या शिखराएवढी आहेत. जांभळाला मात्र तिथेही हत्तीचंच अंग आहे.

याच भागवतात मेरूभोवतीच्या चारही झाडांचं वर्णन एका रांगेत येतं: आंबा, जांभूळ, कदंब, वड. चौघांतून काही ना काही वाहतं. आंब्याच्या रसाची अरुणोदा नदी होते. कदंबाच्या ढोल्यांमधून मधाच्या पाच धारा निघतात, आणि जुन्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं ज्याने पाहिलं आहे त्याला त्या धारा खोट्या वाटणार नाहीत. वडाशी आल्यावर मात्र लिहिणाऱ्याचा हात सुटतो. त्या वडाच्या खोडाफांद्यांतून दूध, दही, मध, तूप, गूळ, अन्न, वस्त्रं, अंथरुणं, आसनं, दागिने, जे हवं ते सगळं खाली येतं. वाचताना माझं मन तिथे अडतं. वडाच्या चिकातून दुधाची धार मी मान्य करीन, पण अंथरूण देणारा वड मला वड वाटत नाही. त्याच्या जागी कुठलंही झाड असतं तरी चाललं असतं. जांभळाच्या जागी दुसरं झाड ठेवून पाहा, नदी आटते.

कल्पवृक्षाचं माझं दुखणं तेच आहे. आपल्या वाङ्मयात त्याचा मान मोठा. ज्ञानेश्वरांनी पसायदानात संतांना चालते कल्पतरू म्हटलं आहे, आणि तिथे ते मला पूर्ण पटतं, कारण तिथे बोलणं माणसांबद्दल आहे. पण झाड म्हणून कल्पवृक्षाला मला जवळ करता येत नाही. त्याला मोहोर कधी येतो? त्याचं पान कसं असतं? त्याच्या फळाची चव काय? तो आपल्या मनात असेल ते देतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मनात काही नाही. कोकणात नारळाला कल्पवृक्ष म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण नारळ काही आपण मागू ते देत नाही, जे त्याच्याकडे आहे तेच देतो. जंबूवृक्ष त्याच जातीचा आहे. तो फळ देतो, फळात रस देतो. पुढचं सगळं, नदी, माती, सोनं, त्या रसातून आपोआप घडतं.

ते सोनं घडण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. खाण नाही, भट्टी नाही, परीस नाही. नदीच्या दोन्ही काठांच्या मातीत रस मुरतो, विष्णुपुराणात नुसता वारा आणि भागवतात वारा व ऊन मिळून तिला वाळवतात, आणि ती सोनं होते. मे महिन्यात कोकणातल्या खळ्यात साठं घालतात तसंच हे आहे: आंब्याचा रस ताटांत ओतायचा, उन्हात ठेवायचा, वाळला की वर पुन्हा एक थर. ओल्या रसाला ऊन आणि वारा लागला की तो टिकाऊ होतो, त्याचा रंग खोल होतो, त्याला चकाकी येते, हे पाहिलेल्या माणसालाच सोन्याची अशी कृती सुचेल. त्या सोन्याला पुढे संस्कृत कवींनी इतकं वापरलं की जांबूनद हा सोन्याचा एक सरधोपट पर्याय होऊन बसला आणि त्यातला फळांचा रस सगळे विसरले.

महाभारतात हे झाड येतं ते अगदी वेगळ्या वेळी. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला युद्ध तोंडावर आलं आहे. व्यासांनी संजयाला दिव्य दृष्टी दिली आहे. धृतराष्ट्र त्याला विचारतो, ज्या भूमीसाठी हे सगळे राजे मरायला तयार झाले आहेत ती भूमी आहे तरी कशी, ते मला सांग. आणि संजय पृथ्वी सांगायला लागतो. पर्वत, वर्षं, नद्या. त्यात निषध आणि नील या पर्वतांच्या मध्ये सुदर्शन नावाचा जंबूवृक्ष येतो, आभाळाला भिडलेला. त्याच्या फळाचा घेर अडीच हजार हात. आणि ती फळं पडतात तेव्हा जमिनीवर प्रचंड आवाज होतो.

हा आवाज विष्णुपुराणात नाही. तिथे फळं पडतात आणि फुटतात, एवढंच. संजयाने आवाज का सांगितला असेल? त्याच्या समोर आंधळा राजा बसला आहे. अकराशे योजनांची उंची, फळाचा घेर, रंग, यातलं काहीच त्याने कधी पाहिलेलं नाही. पण पिकलेलं जांभूळ पडल्याचा बारीक थपकन आवाज हस्तिनापूरच्या बागेत त्याने नक्की ऐकला असेल. संजय त्याच्यासाठी तो आवाज मोठा करतो. महाभारताने हे हेतूने केलं की नाही यावर पंडितांनी हवा तर वाद घालावा. मला ते तसंच वाटतं, आणि सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याची एवढी आठवण ठेवावी याने माझं मन भरून येतं. संजयाच्या सांगण्यातली एकच गोष्ट मी स्वीकारू शकत नाही. तो रस रुप्यासारखा म्हणतो. जांभळाचा रस रुपेरी नसतो. तिथे झाडाचा स्वभाव सुटला आणि क्षणभर झाडही माझ्या हातून सुटलं.

पण लगेच पुढे तो जांबूनद सोन्याचा रंग सांगतो, इंद्रगोपासारखा, आणि झाड परत जागेवर येतं. इंद्रगोप म्हणजे पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारा लाल मखमली किडा. आपल्याकडे त्याला मृगाचा किडा म्हणतात. मृग नक्षत्र लागतं तेव्हा जांभळाचा हंगाम भरात असतो. ज्या आठवड्यात अंगणात जांभळांचा सडा पडलेला असतो त्याच आठवड्यात शेताच्या बांधावर हे किडे दिसतात. फळ, चिखल आणि त्या चिखलावरचा हा लाल मखमली ठिपका, तिन्ही एकाच ऋतूतली. मेरूवर कुठले ऋतू असतील ते असोत, रचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपला ज्येष्ठ होता.

आता नदीबद्दल. झाडातून नदी निघते ही कल्पना ऐकायला विलक्षण, पण जांभळाच्या बाबतीत तिला जुना आधार आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचं एक प्रकरण लिहिलं, जमिनीखालचं पाणी कसं शोधावं याचं. कोणतं झाड, त्याच्या कोणत्या बाजूला वारूळ, किती हात चालायचं, किती पुरुष खोल खणायचं. त्यात जांभूळ आहे. पाणी नसलेल्या प्रदेशात जांभळाचं झाड दिसलं तर त्याच्या उत्तरेला तीन हातांवर, दोन पुरुष खोलीवर पूर्वेकडून येणारी पाण्याची शीर लागते, असं तो सांगतो. खणताना लोखंडाच्या वासाची माती लागेल, पांढुरकी माती लागेल, बेडूक सापडेल. झाडाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर दक्षिणेला गोडं पाणी. विहिरी खणणाऱ्या लोकांचं हे ज्ञान त्याच्याही आधीचं असणार. जांभूळ दिसलं की पाणी जवळ, हे ज्यांना माहीत होतं त्यांनी जगातल्या सर्वांत मोठ्या जांभळापाशी सर्वांत मोठं पाणी ठेवलं.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. ओढा दिसण्याआधी जांभळांची रांग दिसते. महाबळेश्वरच्या पठारावरचं सदाहरित रान मुख्यतः तीन झाडांचं आहे: अंजन, जांभूळ आणि पिसा. तिथली जांभळं वाऱ्याने खुजी झालेली, खोडांवर शेवाळ, वर नेचे आणि आमरी. आणि याच रानातून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या निघतात. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात त्यांच्या धारा एकत्र दाखवल्या आहेत. सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते, कृष्णा चार राज्यांतून जवळजवळ १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला. पुराणकाराने महाबळेश्वर पाहिलं होतं असं मी म्हणत नाही. पण जून उतरताना त्या रानात उभं राहिलं, पायाखाली सडलेली जांभळं, त्यांच्यावरून वाहणारं पाण्याचं पहिलं बारीक बोट, आणि तेच पाणी पुढे कृष्णा होणार हे माहीत असलं, की जंबू नदी ही केवळ कुणीतरी रचलेली गोष्ट राहत नाही. त्या भागातले लोक जांभळाचा मधही काढतात. तो गडद असतो आणि गिळल्यावर घशात किंचित तुरटी राहते. जवळच्या मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं गेलं.

फळाचं पडणं मात्र प्रत्येकाला आवडलेलं नाही. जैनांच्या भूगोलातही जंबूद्वीप आहे, एक लाख योजनं व्यासाचं, आणि उत्तरकुरूत जंबूवृक्ष आहे. त्याचंही नाव सुदर्शन. पण ते झाड रत्नांचं आहे, न वाढणारं, न सुकणारं, शाश्वत. त्या दर्शनात जगाला आरंभ नाही आणि शेवट नाही, म्हणून त्याच्या झाडालाही ऋतू नसणं हे अगदी सुसंगत आहे. बौद्ध कथेतही जांभूळ असंच स्थिर होतं: पेरणीच्या उत्सवात लहान सिद्धार्थ जांभळाखाली ध्यानाला बसतो, दिवस कलतो, इतर झाडांच्या सावल्या सरकतात आणि त्या एका झाडाची सावली त्याच्यावरून हलत नाही. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यातलं झाड उन्हात उभं आहे आणि एका मुलाची काळजी घेतं. जांभळाची गर्द सावली ज्याला माहीत आहे त्यालाच ती सुचली असेल.

आपल्याकडे लोककलेत आणखी एक जांभूळ आहे, आणि ते उलट्या दिशेने जातं. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’. वनवासात पांडवांच्या हातून एक जांभूळ तोडलं जातं, ते परत देठाला लागायला हवं, आणि त्यासाठी प्रत्येकाने आपल्या मनातलं खरं बोलायचं. पाच पांडव बोलतात. द्रौपदीच्या मनात कर्ण आहे. ती ते बोलते तेव्हा फळ देठाला लागतं. पुराणातल्या हत्तीएवढ्या जांभळांपेक्षा हे एक बोटभर जांभूळ मला जास्त अद्भुत वाटतं. पडणं हा ज्याचा धर्म, ते फळ वर चढतं. झाडाचा स्वभाव इथे जाणूनबुजून मोडला आहे, आणि तो इतका मोडतो म्हणूनच बाईच्या मनातलं ते एक वाक्य किती जड असेल ते कळतं. स्वभाव ठाऊक असल्याशिवाय असा मोडता येत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीची माणसं रोज तेच काम वेगळ्या तऱ्हेने करतात. तिथल्या टपोऱ्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ हा वाण त्याच नावाने दिला आहे. पडलेलं जांभूळ बाजारात चालत नाही. म्हणून हंगामाच्या आधी झाडाभोवती बांबूंची परांची उभारतात, घराच्या बांधकामाला उभारतात तशी, थेट शेंड्यापर्यंत, आणि पिकलेलं फळ सुटण्याच्या आत एकेक करून हाताने खुडतात. जांभळाची फांदी ठिसूळ. ती भार घेत नाही, म्हणून ही परांची. एका झाडाला बांबूंचा केवढा ढीग लागतो, दोर किती, माणसं किती. पाऊस लवकर आला तर सगळी मेहनत दोन रात्रींत खाली. मुंबईच्या फुटपाथवर जांभळांचा वाटा घेताना भाव ऐकून कुणी कुरकुरलं की मला ती परांची आठवते. मेरूवर जे झाड आपली फळं सोडून देतं त्याच झाडाची फळं इथे माणसं हवेत धरून ठेवतात, आणि ती धरून ठेवली म्हणून घरात पैसा येतो. जांबूनद सोनं झालंच तर इथे असं होतं.

शेवटी बीकडे यायला हवं, कारण भागवताने स्वभाव बदलला तो एकाच ठिकाणी, आणि तिथे मी कित्येकदा थबकले आहे. तिथलं जांभूळ जवळजवळ बिनबियांचं आहे. वाचताच कुणालाही हे पटतं. जांभूळ खाताना दाताला बी लागली की प्रत्येकाच्या मनात तेच येतं: एवढंसं फळ, त्यात एवढी मोठी बी, आणि गर उरला किती! देवांच्या जांभळात ती नसावी, ही इच्छा अगदी माणसाची आहे. आणि ती आता पुरीही झाली आहे. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने निवडलेल्या वाणांत एक जांभूळ बिनबियांचं आहे. भागवतकाराला ते दाखवता आलं असतं तर त्याला किती आनंद झाला असता.

पण बी नाही म्हणजे पुढचं झाड नाही. लखनौचं झाड कलमाने वाढवता येतं, तिथे माळी आहे. गंधमादनावर माळी नाही. म्हणूनच बहुधा तिथे एकच जांभूळ आहे आणि कल्पांतापर्यंत एकच राहणार. इतकी फळं, इतका रस, अख्खी नदी, आणि एक रोप नाही. आपल्या रानात असं होत नाही. वटवाघळं फळं दूर नेऊन खातात, उदमांजरं आणि अस्वलं बिया गिळून डोंगरभर टाकत जातात, कोकीळ टाकतात. या बियांना थांबायला वेळ नसतो; वाळवून डब्यात ठेवलेली बी पुढच्या वर्षी रुजत नाही, तिला त्याच पावसात माती मिळावी लागते. आणि एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं येतात. जांभळाचा सगळ्यांत मोठा गुण कुठला म्हणाल तर माझ्या मते हा, रसाहून मोठा.

ते पुराण लिहायला मी असते तर फळ हत्तीएवढंच ठेवलं असतं आणि आत झोपडीएवढी बी ठेवली असती. संजय म्हणतो की जंबू नदी मेरूला वळसा घालून उत्तरकुरूंच्या देशात जाते. त्या नदीने बिया वाहून नेल्या असत्या, वळणावळणाला गाळात रुतवल्या असत्या, आणि काही वर्षांनी तिच्या दोन्ही काठांवर जांभळांची रांग उभी राहिली असती. मग उत्तरकुरूंच्या पोरांना रस नदीतून ओंजळीने प्यावा लागला नसता. ती झाडावर चढली असती, फांदी मोडून पडली असती, जीभ बाहेर काढून कुणाची जास्त रंगली ते एकमेकांना दाखवत बसली असती.